बॅटरी कोणत्या भिंतीवर लावायची?

प्रश्न: आमचा सांगलीत बंगला आहे, तळमजला आणि वर एक मजला. छतावर ५ किलोवॅटचं सोलर आहे. आता १० किलोवॅट-अवरची लिथियम बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर (सोलर, बॅटरी आणि लाइन तिन्ही सांभाळणारा) घेतोय. घरात अडचण होते म्हणून बॅटरी बाहेर लावायची आहे. बसवणारे म्हणतात, आयपी ६५ आहे, कुठेही लावा. आमच्यापुढे चार जागा आहेत: बाहेरच्या जिन्याखाली, पोर्चमध्ये पश्चिमेच्या भिंतीवर, गच्चीवर पत्र्याच्या शेडमध्ये, किंवा मागच्या दारी पूर्वेच्या भिंतीवर धुण्याच्या दगडाशेजारी. मागच्या दाराच्या दक्षिणेला कोठीची खोली आहे. २०१९ च्या पुरात घरात दोन फूट पाणी होतं, जोतं दोन फुटांचं आहे. आईंना वास्तूचंही बघायचं आहे. कुठे लावावी?

उत्तर:

तुमच्या चार जागांपैकी तीन मी सरळ खोडतो. चौथी चालेल, पण तुम्ही म्हणताय नेमकी तिथे नाही, दक्षिणेकडे पाच-सहा फूट सरकून आणि बरीच वर. का ते जरा सविस्तर सांगतो, म्हणजे बसवायला आलेला माणूस 'इथे सोपं पडतंय' म्हणून ड्रिल काढायला लागला तर त्याला कुठे थांबवायचं ते तुम्हाला कळेल.

आधी आयपी ६५ बद्दल. या दोन आकड्यांत पहिला सहा म्हणजे धूळ आत जात नाही, दुसरा पाच म्हणजे सगळ्या बाजूंनी पाण्याचा फवारा मारला तरी आतल्या भागाला इजा होत नाही. एवढंच. उन्हाचं काय, खारट हवेचं काय, पुरात बुडाली तर काय, यातल्या कशाबद्दलही हा आकडा काही बोलत नाही. पाण्यात बुडण्याची चाचणी आयपी ६७ ला असते, तीही एक मीटर पाण्यात अर्धा तास, म्हणजे कृष्णेच्या गढूळ पाण्यात तीन दिवस नव्हे. शिवाय तो आकडा पेटी कारखान्यातून निघताना जशी असते तिचा. बसवणाऱ्याने केबलचं ग्लँड, म्हणजे केबल पेटीत शिरते तिथलं आवळायचं बूच, अर्धंच आवळलं किंवा न वापरलेल्या भोकाचं बूच हरवलं की तुमची आयपी ६५ संपली. माझ्या पाहण्यात पाणी गेलेल्या बाहेरच्या पेट्यांपैकी बहुतेकांत ते केबलच्या वाटेनेच गेलं होतं.

बिलावर काय लिहिलंय त्यावर जाऊ नका, पेटीवरची नेमप्लेट स्वतः वाचा. बाजारात मिळणाऱ्या रॅकमधल्या बऱ्याच लिथियम बॅटऱ्या आयपी २० च्या असतात. आयपी २० म्हणजे घरातली वस्तू. ती लोखंडी कपाटात घालून बाहेर ठेवायचा प्रकार मी करत नाही. कपाटाला भोकं ठेवली तर धूळ आणि पाली, नाही ठेवली तर भट्टी.

आता मुख्य मुद्दा, ऊन. गिऱ्हाईक मला विचारतं पावसाबद्दल. दहापैकी नऊ जण. सांगलीत वर्षाचा पाऊस तो केवढा, आणि तो बिचारा पेटीवर पडून ओघळून जातो. ऊन तसं जात नाही, भिंतीत मुरतं आणि रात्री आठ-नऊपर्यंत बॅटरीच्या पाठीला शेक देत राहतं.

थोडं गणित करू. तुमच्या पेटीचा दर्शनी भाग साधारण ६० सेंटीमीटर बाय एक मीटर धरा. एप्रिलात दुपारी साडेतीनला पश्चिमेच्या उभ्या भिंतीवर दर चौरस मीटरला साधारण ६०० वॉट ऊन पडतं. म्हणजे पेटीवर ३६०. पेटीचा रंग करडा असेल तर त्यातलं निम्मं, म्हणजे १८० वॉट, ती शोषते. आता बॅटरी ३ किलोवॅटने चार्ज होत असताना तिच्या स्वतःच्या आत उष्णता किती होते? अडीच टक्के धरली तर ७५ वॉट. म्हणजे बॅटरी काम करून जेवढी तापते त्याच्या दुप्पट नुसती उन्हात लटकून तापते. वर मागची भिंत तापलेली, ते वेगळंच.

याहून वाईट गोष्ट वेळेची आहे. तुमचं ५ किलोवॅटचं सोलर एप्रिलात दिवसाला २० युनिटच्या वर देईल. रात्रभर वापरून उतरलेली बॅटरी सकाळी चार्जिंगला लागते आणि साडेबारा-एकपर्यंत भरते. त्यानंतर संध्याकाळी सातपर्यंत ती काहीच करत नाही, शंभर टक्के भरून नुसती बसून असते. लिथियमच्या सेलला सगळ्यांत जास्त काय खातं? भरलेल्या अवस्थेत गरम राहणं. आणि पश्चिमेच्या भिंतीवर ऊन येतं ते नेमकं तेव्हाच, एक ते साडेसहा. पूर्वेच्या भिंतीवर उलट. तिथे ऊन सकाळी, हवा गार, बॅटरी अर्धी रिकामी. बाराच्या सुमाराला भिंत सावलीत जाते आणि बॅटरी भरून बसते तेव्हा तिला ऊनच नसतं. पूर्व आणि पश्चिम दोन्हीकडे ऊन जवळपास सारखंच पडतं, पण बॅटरीच्या दिवसाशी जुळतं ते पूर्वेचं.

तापमान दर १० अंशांनी वाढलं की म्हातारपण साधारण दुप्पट वेगाने येतं, हा रसायनांचा ढोबळ नियम आहे. गॅरंटीच्या कागदावर जे ६००० सायकल, म्हणजे भरण्या-उतरण्याच्या फेऱ्या, छापलेले असतात, त्याखाली बारीक अक्षरांत २५ अंश लिहिलेलं असतं. २५ अंश आपल्याकडे कुठले? म्हणून मला २५ गाठायचे नसतात, एप्रिल-मेमध्ये सेल ४५ च्या खाली राहावेत एवढंच मी बघतो. ४५ च्या पुढे बऱ्याच बॅटऱ्यांची बीएमएस, म्हणजे सेलवर नजर ठेवणारी आतली यंत्रणा, चार्जिंगचा करंट कमी करायला लागते आणि साधारण ५५ ला बंदच करते.

हे मी शिकलो ते स्वतःच्या चुकीतून. इस्लामपूरकडे एका द्राक्षबागायतदारांच्या घरी बॅटरी लावली होती, पोर्चमध्ये, पश्चिमेला. का? तर मेन बोर्ड तिथे होता, आठ फूट केबल वाचत होती. डिसेंबरात लावली, सगळं छान. एप्रिलात त्यांचा फोन, "दादा, दुपारी बॅटरी चार्जच घेत नाही." मोबाइलवर बघितलं तर सेलचं तापमान ५२. टेंपरेचर गन घेऊन गेलो. हवा ४०, आणि त्या गडद तपकिरी भिंतीवर ५७. मी आधी बॅटरीच्या कंपनीलाच दोष देत होतो, दोष भिंतीचा आणि माझा होता. पुढच्या आठवड्यात स्वखर्चाने ती पूर्वेला हलवली, भिंतीला पांढरा चुना मारून. मेमध्ये सेल ४२-४३ च्या वर गेले नाहीत. तेव्हापासून डिसेंबरात जागा ठरवायची वेळ आली तरी मी डोळ्यांपुढे एप्रिलची दुपारच धरतो.

इंटरनेटवरचे व्हिडिओ बघून येणाऱ्यांसाठी एक. ऑस्ट्रेलियातला माणूस सांगतो, दक्षिणेच्या भिंतीवर लावा, तिथे ऊन येत नाही. त्याचं बरोबर आहे, त्याच्याकडे सूर्य उत्तरेकडून जातो. इंग्लंड-जर्मनीतला सांगतो उत्तरेला लावा, त्याचंही बरोबर. आपण मधले. सांगलीत मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो, आणि त्यानंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. उगवतो-मावळतो तर मार्चअखेरीपासूनच उत्तरेकडे सरकून. त्यामुळे आपली उत्तरेची भिंत उन्हाळ्यात सकाळी आणि संध्याकाळी तिरकं ऊन खाते. तरी ती वाईट नाही, तिरक्या उन्हात जोर कमी. दक्षिणेची भिंत मेमध्ये चक्क बरी असते, पण ऑक्टोबर हीटमध्ये तापते. माझा क्रम असा: पूर्व किंवा उत्तर, मग दक्षिण छज्जा असेल तर, आणि पश्चिम अगदीच इलाज नसेल तर, तेही पुढे आडोसा करून.

आडोसा म्हणजे पेटीला चिकटवलेला पत्रा नव्हे. तो तापून पेटीलाच शेकतो. पेटीपासून निदान अर्धा फूट पुढे, खाली आणि वर उघडा, म्हणजे मधली हवा तापून वर निघून जाते आणि खालून गार हवा येते. सिमेंटचा पत्रा पांढरा रंगवला तरी भागतं. वेल चढवायची हौस मात्र नको. वेलाबरोबर मुंग्या येतात आणि ओल येते.

वास्तूचं आईंना सांगा, काळजी नको. विजेची वस्तू आग्नेयेला असावी म्हणतात, आणि तुमची कोठी घराच्या आग्नेय कोपऱ्यातच येतेय. पूर्वेच्या भिंतीचं दक्षिण टोक. मला जे उन्हासाठी हवंय तेच त्यांना अग्नीसाठी हवंय. दर वेळी असं जमत नाही. एका घरी वास्तूवाल्याच्या आणि माझ्या मध्ये गृहस्थांचं चांगलंच सँडविच झालं होतं.

पावसाचं थोडक्यात, कारण तो सोपा आहे. आपला पावसाळी वारा नैऋत्येकडून येतो, त्यामुळे झड पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतीवर बसते. पूर्वेची बाजू घराच्या आडोशाला. पण माझ्यावर विश्वास ठेवू नका, भिंतीला विचारा. शेवाळाचा हिरवा-काळा पट्टा कुठवर चढलाय, रंग कुठे फुगलाय, पागोळ्यांनी जमिनीवर खड्ड्यांची ओळ कुठे पाडलीय, हे बघितलं की दहा वर्षांच्या पावसाचा हिशोब समोर दिसतो. पागोळीच्या ओळीच्या आत, वळचणीला, बॅटरी हवी. गच्चीच्या पन्हाळीखाली आणि टाकीच्या ओव्हरफ्लोखाली नको. सोलर वॉटर हीटर असेल तर त्याच्या वाफेच्या नळीखाली तर मुळीच नको, तिथून कधीकधी उकळतं पाणी ठिबकतं.

केबल पेटीत नेहमी खालून न्यायची, आणि पेटीपाशी पोचण्याआधी तिला खाली एक झोळ द्यायचा, म्हणजे केबलवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी थेंब होऊन पडतं. भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडायचं. हे दोन्ही फुकट आहे आणि तरी दहात चार ठिकाणी झालेलं नसतं.

कोकणातल्या वाचकांसाठी जाता जाता: तुमचा प्रश्न मिठाचा आहे. रत्नागिरीला मी साधे गॅल्व्हनाइज्ड बोल्ट वापरले आणि दुसऱ्या पावसाळ्यात चिऱ्याच्या भिंतीवर तांबडे ओघळ आले. समुद्राजवळ ३१६ या प्रतीचं स्टेनलेस स्टील वापरा, आणि बॅटरीचं खाऱ्या हवेचं प्रमाणपत्र मागा. थंडीची काळजी आपल्याकडे कुणालाच नको. शून्याच्या खाली लिथियम लोहफॉस्फेट सेल (घरच्या बॅटऱ्यांत सहसा हेच असतात) चार्ज करू नयेत हे खरं, पण निफाडच्या थंडीतही भिंतीवरच्या पेटीतले सेल शून्याला जात नाहीत.

आता पूर. सांगलीकराला मी तो शिकवायला नको. २०१९ ला आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, २०२१ ला परत आली. तुमच्या घरात दोन फूट पाणी होतं आणि जोतं दोन फुटांचं, म्हणजे अंगणाच्या जमिनीपासून चार फूट. त्यावर मी एक फूट जास्त धरतो. बॅटरीचा तळ जमिनीपासून पाच फुटांवर. आत कोठीत इन्व्हर्टरचा तळ फरशीपासून तीन फुटांवर, म्हणजे दोन्ही एकाच पातळीत येतात, केबलही आखूड.

पाच फुटांवर १०० किलोची बॅटरी म्हटल्यावर वजनाचा प्रश्न आला. म्हणून तुम्ही १० ची एक उंच पेटी घेऊ नका, ५ च्या दोन घ्या, शेजारी शेजारी लावा. एकेक साधारण ५० किलोची असते, दोन माणसं उचलतात, आणि एक बिघडली तर दुसरीवर घर चालतं. भिंत कशाची आहे ते आधी बघायचं. नऊ इंची वीटकाम असेल तर अँकर फास्टनर धरतात. चार इंची भिंतीवर नाही. एएसी, म्हणजे हलक्या सच्छिद्र सिमेंटच्या ब्लॉकची भिंत असेल तर साधा फास्टनर त्यात लोण्यात सुरी घातल्यासारखा फिरतो, आज धरल्यासारखा वाटतो आणि दोन वर्षांनी सैल होतो. तिथे आरपार बोल्ट घालून आतून पट्टी द्यायची. तुमच्या बाबतीत मी भिंतीच्या भरवशावर राहणारच नाही. जमिनीपासून लोखंडी चॅनेलचा स्टँड करायचा, पाय काँक्रीटमध्ये गाडायचे, वजन त्यावर आणि भिंतीला फक्त आधाराचे बोल्ट. पायांना तळाशी फूटभर सिमेंटचा लेप द्या. हसू नका, पण गल्लीतली कुत्री तिथेच पाय वर करतात आणि तेवढंच लोखंड सगळ्यांत आधी गंजतं.

पुराचा इशारा आला आणि घर सोडायचं ठरलं, तर जाण्याआधी बॅटरीचा ब्रेकर, सोलरचा डीसी आयसोलेटर (पॅनेलकडून येणारी वीज तोडणारा स्विच) आणि मेन स्विच, तिन्ही बंद. मेन पाडला म्हणजे सगळं बंद झालं असं समजू नका. पॅनेलवर ऊन आहे तोवर त्यांच्या केबलमध्ये वीज असते, आणि बॅटरीच्या टोकांना ती कायमच असते. बॅटरी बुडालीच तर परतल्यावर ती चालू करून बघायची नाही, चार्जिंगला लावायची नाही, हातही लावायचा नाही. वरून कोरडी दिसली तरी आत गाळ असतो. घराच्या आत हलवायची तर अजिबात नाही.

उरला तो मुद्दा ज्यासाठी मी जिन्याखालची जागा खोडली. आपल्याकडे इन्व्हर्टर म्हणजे जिन्याखाली, हे इतकं रुजलंय की घर बांधतानाच तिथे प्लग पॉइंट काढून ठेवतात. लोहफॉस्फेट सेल इतर लिथियमच्या मानाने शांत असतात, पेट घेण्याची शक्यता कमी. पण कमी म्हणजे नाही असं नव्हे. सेल बिघडून तापत गेला तर त्यातून बाहेर पडणाऱ्या वायूत हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड असतो. बॅटरी धुमसायला लागली तर घरातल्या माणसांनी बाहेर पडायचं कुठून, हा माझा पहिला प्रश्न. आपल्या घरांच्या खिडक्यांना ग्रिल असतात. परदेशातला माणूस खिडकीतून उडी मारतो, आपण नाही मारू शकत. आपल्याला वाटा दोनच, पुढचं दार आणि मागचं दार, आणि वरच्या मजल्यावरच्यांना जिना. त्या तिन्हीजवळ बॅटरी ठेवायची नाही. तुमचा जिना बाहेरून आहे, म्हणजे वर झोपणाऱ्यांची ती एकच वाट, आणि तुम्ही नेमकं तिच्याखाली बॅटरी ठेवायचं म्हणताय.

अंतर किती? ऑस्ट्रेलियाच्या २०१९ च्या एएस/एनझेडएस ५१३९ या मानकात राहत्या खोलीच्या खिडकी-दारापासून ६०० मिलिमीटर आहे. अमेरिकेच्या एनएफपीए ८५५ मध्ये तीन फूट. ब्रिटनच्या २०२४ च्या पीएएस ६३१०० मध्ये एक मीटर. मी एक मीटर धरतो, आणि एक गोष्ट वरून जोडतो: नुसतं आडवं मोजू नका, मान वर करून बघा. धूर आणि वायू वर जातात. बॅटरीच्या बरोबर वर पहिल्या मजल्याची बेडरूमची खिडकी असेल तर आडवं मीटरभर मोजून काही उपयोग नाही. तुमच्या कोठीच्या वर काय आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. तिथे बाथरूमचा छोटा झरोका असेल तरी चालणार नाही, जागा अजून सरकवावी लागेल.

धुण्याच्या दगडाशेजारची जागा मी याचसाठी सरकवली. ती मागच्या दाराला चिकटून आहे, वर स्वयंपाकघराची खिडकी असणार, आणि रोजचं साबणाचं पाणी उडणार ते वेगळं. तिथून पाच-सहा फूट दक्षिणेला गेलात की कोठीची कोरी भिंत लागते. फक्त गॅसचा सिलिंडर कोठीत ठेवत असाल तर तो आधी हलवा. इन्व्हर्टरमध्ये रिले, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारे स्विच असतात, ठिणगी पडू शकते, आणि गळलेला गॅस हवेपेक्षा जड, तो फरशीवर साचून राहतो.

गच्चीबद्दल जास्त बोलत नाही. मे महिन्यात दुपारी दोनला त्या पत्र्याच्या शेडमध्ये दहा मिनिटं उभे राहून बघा. तुम्हाला उभं राहवलं नाही तर बॅटरीलाही नाही. भिंती नुसत्या बांधून तिथली उष्णता जात नाही, ती वरून येते.

इन्व्हर्टर आत आणि बॅटरी बाहेर, एकाच भिंतीच्या दोन बाजूंना, ही माझी सगळ्यांत आवडती रचना आहे. आपल्याकडच्या बऱ्याच हायब्रिड इन्व्हर्टरांना आत पंखा असतो आणि ते घरातच ठेवायचे असतात. दोघांमधली केबल आखूड हवी. ५१ व्होल्टच्या बॅटरीतून ५ किलोवॅट घ्यायचे म्हणजे १०० अँपिअर. ३५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल आठ मीटर लांब नेली तर जाऊन-येऊन सोळा मीटर, त्यात जवळपास ०.९ व्होल्ट आणि ९० वॉट जातात. तीच तीन मीटर असेल तर ३३ वॉट. पोर्चमध्ये मेन बोर्ड जवळ आहे हा बसवणाऱ्याचा मुद्दा इथे लागू नाही. इन्व्हर्टरपासून मेन बोर्डापर्यंत जाते ती २३० व्होल्टची केबल, तिच्यात करंट २२ अँपिअर. ती लांबली तर लांबू दे. लांबवायची नाही ती बॅटरीची. इन्व्हर्टर बॅटरीच्या बरोबर खाली टांगायचा नाही, त्याच्या २००-२५० वॉटच्या उष्णतेचा झोत वर जातो. एसीच्या बाहेरच्या युनिटचा झोतही बॅटरीकडे नको.

आणि जुन्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर, म्हणजे शिसं आणि आम्लाची बॅटरी घरात असेल तर तीही त्याच कोठीत, या नव्या इन्व्हर्टरखाली ठेवू नका. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन सुटतो. हवेत तो चार टक्क्यांवर गेला की पेट घेऊ शकतो, आणि आम्लाचे वाफारे नव्या इन्व्हर्टरची पितळी-तांब्याची टोकं वर्षभरात हिरवी करतात. ती विकून टाका, शिशाला भाव येतो.

किड्या-मुंग्यांचं. न वापरलेल्या पाइपाची तोंडं मोकळी ठेवली की कुंभारीण माशी महिन्याभरात मातीचं घर करते. उंदीर-घुशींसाठी केबल लोखंडी पाइपातून घ्या, निदान जमिनीपासून चार फुटांपर्यंत. दर दिवाळीला साफसफाई करताना पेटीच्या खालच्या बाजूला बोट फिरवा. माती लागली किंवा ओल लागली तर ग्लँड बघायला माणूस बोलवा.

म्हणजे एकूण असं: कोठीच्या बाहेरची पूर्वेची भिंत, पांढरा चुना मारलेली. ५ च्या दोन पेट्या शेजारी शेजारी, जमिनीपासून पाच फूट वर, लोखंडी स्टँडवर, मागे आणि मध्ये हवा खेळेल एवढी फट, समोर तीन फूट मोकळी जागा. वर दोन फुटांचा छज्जा नसेल तर तेवढा पत्रा पुढे काढा. कपड्यांची दोरी तिथून हलवा. आत त्याच उंचीला इन्व्हर्टर, अर्थिंग वेगळं.

पैसे देण्याआधी दोन कामं करा. कोठीच्या भिंतीवर नाण्याने ठोकून आवाज ऐका आणि एका कोपऱ्यात गिलावा इंचभर खरवडून वीट आहे की ब्लॉक ते बघा. आणि अंगणात उभे राहून त्या भिंतीचा जमिनीपासून गच्चीपर्यंत एक फोटो काढा, वरची खिडकी दिसेल असा. दोन्ही कळवलंत की स्टँडची मापं काढून देतो.